मागचं धूसर करायचं म्हणजे अंतर रंगवायचं

कानाच्या पाळीपासून बोटभर अंतरावर, मागच्या हिरव्या झाडीत, एक फिकट गुलाबी पट्टा होता. मॉनिटरवर पूर्ण फोटो बघताना तो मला दिसला नव्हता. फोटो मोठ्या आकारात छापून आला तेव्हा मात्र नजर आधी तिथेच गेली. चेहरा नीट, केस नीट, मागची झाडी छान विरघळलेली. पण ओल्या बोटाने रंग पुसावा तसा त्वचेचा रंग डोक्याच्या कडेकडेने बाहेर पसरला होता. मी केलं होतं ते सगळेच करतात तेच. माणूस सिलेक्ट केला, सिलेक्शन उलटं केलं, ब्लर फिल्टर लावला आणि ओके दाबलं.

तो पट्टा कुठून आला? ब्लर म्हणजे सरासरी. फिल्टर लावला की प्रत्येक पिक्सेल आपल्या आजूबाजूच्या पिक्सेलांचे रंग गोळा करतो, त्यांची सरासरी काढतो आणि स्वतः तो रंग घेतो. आता कानाशेजारचं पान घ्या. त्याच्या आजूबाजूला पानं आहेत, तसा कानही आहे. सिलेक्शनने फिल्टरला एवढंच सांगितलं की नवा रंग कुठे लिहायचा. रंग कुठून वाचायचा नाही, हे त्याने सांगितलंच नाही. म्हणून पानाने कानाचा रंगही सरासरीत धरला. ब्लर जितका मोठा, तितका हा पट्टा रुंद.

खऱ्या लेन्समध्ये असं होत नाही. माणूस फोकसमध्ये असेल तर त्याच्या अंगावरून निघालेला उजेड सेन्सरवर जागच्या जागी जमतो, बाहेर पसरत नाही. पसरतो तो मागच्या झाडीचा उजेड. त्यामुळे उपाय सरळ आहे: मागचा थर धूसर करताना त्यात माणूस असताच कामा नये. मूळ फोटोचे दोन लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, करायचे. वरच्यात मास्कने, म्हणजे नको तो भाग झाकणाऱ्या आवरणाने, माणूस वेगळा काढायचा. खालच्यात त्याच माणसाचं सिलेक्शन दहावीस पिक्सेल फुगवून तो पुसायचा आणि ती जागा आजूबाजूच्या पार्श्वभूमीने भरायची. फोटोशॉपमधलं कंटेंट अवेअर फिल चालेल, हीलिंग किंवा क्लोन ब्रशही चालेल. भरलेलं काम सुबक दिसायची गरज नाही, कारण ते माणसाच्या मागेच जाणार आहे आणि वर धूसरही होणार आहे. कडेलगतचे रंग तेवढे खरे हवेत: कानामागे झाडी असेल तर हिरवा, खांद्यामागे भिंत असेल तर भिंतीचा. मग हा खालचा लेयर ब्लर करायचा आणि वर माणूस ठेवायचा. पट्टा नाहीसा होतो.

यानंतरचा प्रश्न आकड्याचा, आणि मोठ्या फोटोत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

‘रेडियस १० ठेवा’ असा सल्ला सर्रास मिळतो. हे १० म्हणजे १० पिक्सेल. १२०० पिक्सेल रुंदीच्या फोटोत ते बऱ्यापैकी जाणवतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो मात्र ६००० बाय ४००० असतो, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. त्यात तेवढाच परिणाम हवा असेल तर ५० लागतील. फोटोची रुंदी न सांगता दिलेल्या ब्लरच्या आकड्याला काही अर्थ नाही. लोक १० लावतात, फरक दिसत नाही म्हणून अंदाजाने रेडियसची पट्टी (स्लायडर) ओढत जातात आणि छोट्या प्रिव्ह्यूवर ‘बरं दिसलं’ की थांबतात.

अंदाजाने का ओढायची? लेन्सने काय केलं असतं, ते मोजता येतं. समजा पूर्ण फ्रेमचा, म्हणजे ३६ मिलीमीटर रुंद सेन्सरचा कॅमेरा आहे, ८५ मिलीमीटरची लेन्स एफ १.८ वर उघडी आहे आणि माणूस २ मीटरवर उभा आहे. लेन्सचं भोक ८५ भागिले १.८, म्हणजे सुमारे ४७ मिलीमीटर. २ मीटरवरची वस्तू सेन्सरवर साधारण साडेबावीस पट लहान होऊन उमटते. या ४७ ला साडेबावीसने भागलं की सुमारे २.१ मिलीमीटर येतात. खूप दूरचा दिवा या फोटोत एवढ्या व्यासाची चकती होऊन पडेल. ३६ मिलीमीटरमध्ये ६००० पिक्सेल, तर २.१ मिलीमीटरमध्ये जवळपास ३५०.

तीनशे पन्नास पिक्सेलची चकती! पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा मी ते दोनदा तपासलं. आपण २०-३० लावून ‘खरं का वाटत नाही’ म्हणत बसतो, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. पण उलटी चूकही होते. हाच ३५० आकडा गॉसियन ब्लरमध्ये घातला तर फोटोचा चिखल होतो. गॉसियनमध्ये रेडियस म्हणजे कुठल्या वर्तुळाची त्रिज्या नसते. शेजाऱ्यांना जवळिकीप्रमाणे वजन देणारा घंटेच्या आकाराचा जो वक्र असतो, त्याचा तो पसरटपणा असतो. ढोबळमानाने, लेन्सच्या चकतीच्या व्यासाचा चौथा भाग गॉसियनमध्ये घालायचा. ३५० साठी साधारण ८७.

आता हाच माणूस डोक्यापासून पायापर्यंत हवा असेल, तर तीच लेन्स घेऊन आणि कॅमेरा उभा धरून मागे सरकत माणसापासून सुमारे ५ मीटरवर जावं लागतं. मग दूरच्या दिव्याची चकती किती? १३६ पिक्सेल. निम्म्याहून कमी. पूर्ण उभ्या माणसामागे चेहऱ्याच्या फोटोइतकं लोण्यासारखं मऊ धूसर केलं की फोटो खोटा वाटतो, पण काय खुपतंय ते सांगता येत नाही. पाणी मुरतं ते इथे.

हे सगळे आकडे क्षितिजाचे झाले. माणूस आणि क्षितिज यांच्यामध्ये जे काही आहे, त्याचं काय?

धूसरपणा अंतराने वाढतो, पण सारखा वाढत नाही. वस्तू माणसाच्या किती मागे आहे, या अंतराला ती कॅमेऱ्यापासून किती दूर आहे, या अंतराने भागायचं. क्षितिजावरच्या धूसरपणाचा तेवढा हिस्सा तिच्या वाट्याला येतो. आपल्या २ मीटरवरच्या चेहऱ्याच्या फोटोत माणसामागे १० सेंटीमीटरवर असलेल्या वस्तूला १७ पिक्सेल, १ मीटर मागे असलेल्या खुर्चीला ११७, २ मीटर मागच्या दाराला १७५ आणि ६ मीटर मागच्या झाडाला २६२. त्यापुढे डोंगर कितीही लांब असला तरी ३५० च्या वर जात नाही. सुरुवातीला झपाट्याने चढण, मग सपाटी. मागचं सगळं एकाच मापाने धूसर केलं की माणूस पोस्टरपुढे उभा केल्यासारखा दिसतो. मागे जागा आहे, खोली आहे, हे मधल्या वस्तूंवरून कळतं आणि आपण नेमक्या त्याच वस्तू पुसून टाकलेल्या असतात.

या गणिताचा सर्वात सुंदर भाग जमिनीवर दिसतो. सपाट जमीन फोटोत क्षितिजाकडे जाते तशी दाटत जाते; लांबचे शंभर मीटर दोन बोटांत मावतात. धूसरपणाही लांब गेल्यावर सपाट होतो. हे दोन परिणाम एकमेकांत इतके चपखल बसतात की फोटोवर मोजलं तर पायांच्या रेषेपासून क्षितिजाच्या रेषेपर्यंत जमिनीचा धूसरपणा अगदी सरळ प्रमाणात वाढतो. पाय आणि क्षितिज यांच्या बरोबर मधोमध निम्मा. म्हणजे मास्कमध्ये काळा म्हणजे स्पष्ट आणि पांढरा म्हणजे पूर्ण धूसर असं धरून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा साधा सरळ ग्रेडियंट (हळूहळू बदलणारी छटा) पायांपासून क्षितिजापर्यंत ओढला की जमिनीपुरता तो तंतोतंत खरा असतो. पायांच्या अलीकडची जमीनही त्याच वेगाने खालच्या बाजूला धूसर होत जाते, ती विसरायची नाही. पायाखालची माती पायाइतकीच स्पष्ट हवी, नाहीतर माणूस हवेत तरंगतो.

मात्र हा ग्रेडियंट फक्त जमिनीचा. जमिनीवर उभं असलेलं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत कॅमेऱ्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतं. त्यामुळे बुंध्यापाशी जमीन जितकी धूसर, तितकंच अख्खं झाड धूसर हवं. खांब, भिंत, मागून चाललेला माणूस, सगळ्यांना हाच नियम. ग्रेडियंट आडव्या पट्ट्यांसारखा झाडावरूनही फिरवला की बुंधा स्पष्ट आणि शेंडा विरघळलेला असं होतं, आणि खरं शहर खेळण्यातल्या शहरासारखं दिसायला लागतं. काही जण मुद्दाम तसं करतात, ते वेगळं. आपल्याला ते नको असेल तर प्रत्येक उभ्या वस्तूसाठी मास्कमध्ये एकच करडा रंग भरायचा, बुंध्यापाशी जमिनीचा जो आहे तोच.

असा करड्या छटांचा जो फोटो तयार होतो, त्याला डेप्थ मॅप म्हणतात. फोटोशॉपचा लेन्स ब्लर फिल्टर अल्फा चॅनलमध्ये, म्हणजे रंगांखेरीज फोटोसोबत जपलेल्या करड्या थरात, ठेवलेला असा नकाशा वाचतो आणि प्रत्येक जागी त्या छटेप्रमाणे ब्लर करतो. नकाशा वाचणारा फिल्टर हाताशी नसेल, तर धूसरपणाच्या तीनचार वेगवेगळ्या पायऱ्यांचे लेयर करून मास्कने एकात एक मिसळायचे. कष्ट जास्त, पण चांगलं जमतं. फोटोवरून अंतराचा अंदाज बांधणारी साधनंही आता आहेत. पहिला कच्चा नकाशा म्हणून मी ती आनंदाने वापरतो. माणसाच्या कडेला, केसांत, खुर्चीच्या पायांमधल्या फटींत मात्र ती चुकतात, तिथे ब्रश घेऊन बसावंच लागतं.

केसांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. फोटो १०० टक्क्यांवर, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्यावरचा एक पिक्सेल, असा उघडा आणि कपाळाच्या कडेचा एकच केस बघा. तो दोनतीन पिक्सेल रुंद असतो आणि त्यातला एकही पिक्सेल निव्वळ केसाचा नसतो. थोडा केस, थोडं मागचं आकाश. तुमचा मास्क अगदी अचूक असला तरी त्या पिक्सेलमध्ये मुरलेलं जुनं आकाश केसाबरोबर येतंच. मागचं धूसर होऊन गडद झालं की कडेचे केस पांढरट, चमकते दिसतात. मास्क आणखी कोरून हे जात नाही, कारण दोष मास्कमध्ये नाही, रंगात आहे. माणसाच्या लेयरवर क्लिप केलेला, म्हणजे त्याच्या आकारापुरताच दिसणारा, नवा लेयर घ्यायचा, केसांच्या आतल्या भागातून रंग उचलायचा आणि कडेवर हलक्या ब्रशने फिरवायचा. चारदोन सुटे केस फारच हट्टी असतील तर सरळ काढून टाकायचे. गरज वाटली तर बारीक ब्रशने नवे ओढायचे, ते कुणाला कळत नाही.

बाकीच्या कडेला उलट काळजी. गालाची, खांद्याची कड मूळ फोटोत दोनतीन पिक्सेलांत बदलते, म्हणून मास्कची कडही तेवढीच मऊ हवी. ‘मऊ बरी दिसते’ म्हणून २० पिक्सेलचं फेदर दिलं की खांद्याभोवती स्पष्ट पार्श्वभूमीची किंवा धूसर खांद्याची किनार उरते. हात आणि कंबर यांच्यामधली फट, चष्म्याच्या काचेतून दिसणारं मागचं, कानातल्याच्या आतली जागा, हे कोपरे एकदा मुद्दाम शोधून बघायचे.

माणसाच्या पुढे एखादं पान किंवा फांदी असेल तर नियम उलटा होतो. पुढची धूसर वस्तू माणसावर पसरते. ती स्वतंत्र लेयरवर कापून घ्यायची आणि पारदर्शकतेसकट ब्लर करायची, म्हणजे तिची कडही विरघळते.

आता दिव्यांकडे येऊ. मागे लुकलुकणारे दिवे आहेत, खऱ्या लेन्सने त्यांच्या तेजस्वी चकत्या केल्या असत्या आणि फिल्टरने मात्र मळकट डाग केले, ही तक्रार जुनी आहे. चकत्यांच्या या रूपाला बोके म्हणतात, शब्द मुळात जपानी. गॉसियनची घंटा कडेला विरत जाते म्हणून तिच्यातून चकती येत नाही, फक्त धुकं येतं; हे कारण सगळे सांगतात आणि ते खरं आहे. पण लेन्स ब्लर वापरूनही डाग मळकटच येतात, त्याचं कारण दुसरं आहे.

हिशोब करून बघू. दिवा फोटोत २० पिक्सेल व्यासाचा आहे, म्हणजे सुमारे ३१४ पिक्सेल. ३५० व्यासाच्या चकतीत सुमारे ९६,००० पिक्सेल. तेवढा उजेड तेवढ्या जागेत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला तिनशेवा हिस्सा येतो. फोटोत सगळ्यात पांढरा रंग २५५. त्याचा तिनशेवा हिस्सा म्हणजे एक पायरीसुद्धा नाही. दिवा चक्क नाहीसा झाला. प्रत्यक्षात तो दिवा पांढऱ्या कागदापेक्षा कितीतरी पट तेजस्वी होता, पण कॅमेऱ्याने दोघांनाही २५५ वरच कापलं. ही हरवलेली ताकद ब्लर करण्याआधी परत द्यावी लागते. फोटो ३२ बिटमध्ये, म्हणजे प्रत्येक रंगाचा आकडा जास्त जागा घेऊन साठवणाऱ्या प्रकारात, न्यायचा, कारण तिथे पांढऱ्याच्या वरचे आकडेही टिकतात. फक्त दिवे सिलेक्ट करायचे आणि त्यांचं एक्स्पोजर पाचसहा स्टॉप वाढवायचं. सहा स्टॉप म्हणजे ६४ पट. आता चकतीत पाचवा हिस्सा उजेड उरतो आणि ती ठळक दिसते. फोटोशॉपच्या लेन्स ब्लरमध्ये स्पेक्युलर हायलाइट्सच्या ज्या दोन पट्ट्या असतात, त्या हेच काम ढोबळपणे करतात. मात्र त्यातला थ्रेशोल्ड, म्हणजे कितीपेक्षा उजळ ते दिवा धरायचं ती मर्यादा, खूप खाली आणला तर पांढरा शर्ट आणि आकाशही पेटतं.

३२ बिटचा आणखी एक फायदा. साध्या फोटोतले आकडे उजेडाच्या प्रमाणात नसतात, डोळ्यांच्या सोयीने वाकवलेले असतात. अर्धा काळा, अर्धा पांढरा उजेड मिसळला तर पडद्यावर १८८ यायला हवा; वाकवलेल्या आकड्यांची नुसती सरासरी काढली की १२८ येतो. म्हणून पानांमधून झिरपणारं आकाश ब्लर केल्यावर काळवंडतं. उजेडाच्या खऱ्या प्रमाणात सरासरी काढण्याची सोय फोटोशॉपच्या ३२ बिट मोडमध्ये आहे, आणि गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून आहे.

एवढं सगळं मोठ्या फोटोवर करायचं तर संगणक धापा टाकतो, आणि त्याचाही हिशोब आहे. डिस्कवर ८-१० एमबीची दिसणारी जेपीईजी फाइल उघडली की एक लेयर ७२ एमबीचा होतो. १६ बिटमध्ये १४४, ३२ बिटमध्ये २८८. पाचसहा लेयर आणि वर अनडूचा इतिहास, की मेमरी भरली. शिवाय चकतीचा ब्लर मुळातच महाग. गॉसियन आधी आडवा आणि मग उभा असा दोन सोप्या फेऱ्यांत उरकतो, म्हणून झटपट होतो. गोल चकतीचे असे दोन भाग पडत नाहीत. सरळसोट हिशोब केला तर २ कोटी ४० लाख पिक्सेलांपैकी प्रत्येकाला ९६,००० शेजारी विचारावे लागतात. काही फिल्टरांची पट्टी तर एवढ्या मोठ्या आकड्याच्या आधीच संपते.

इथे मी एक युक्ती कायम वापरतो. खूप धूसर झालेल्या चित्रात बारीक तपशील उरलेलाच नसतो, मग तो ६००० पिक्सेलांत सांभाळायचा कशाला? माणूस पुसलेली पार्श्वभूमी आणि तिचा डेप्थ मॅप वेगळ्या फाइलमध्ये घ्यायचे आणि १५०० बाय १००० करायचे. सगळे आकडे चारने भागायचे: ३५० ची चकती ८७ ची होते, ८७ चा गॉसियन २२ चा. पिक्सेल १६ पट कमी, प्रत्येकाचे शेजारीही १६ पट कमी, म्हणून काम अडीचशे पटींनी हलकं. ब्लर करून झाल्यावर चित्र चौपट मोठं करून मूळ फाइलमध्ये माणसाच्या खाली ठेवायचं. फक्त माणसाच्या पायाजवळची, जेमतेम धूसर होणारी जमीन या वाटेने न्यायची नाही. ती पूर्ण आकाराच्या फोटोवरच ब्लर करायची आणि पुढे दोन्हींचा सांधा मास्कने बुजवायचा.

परत आल्यावर पार्श्वभूमी प्लास्टिकसारखी गुळगुळीत दिसते, कारण सरासरीने कॅमेऱ्याचा बारीक रवाही (नॉईज) पुसून टाकला. माणसाच्या गालावर रवा आहे आणि मागे नाही, हे छापील फोटोत पटकन कळतं. पूर्ण आकारात मागच्या लेयरवर थोडा नॉईज घालायचा आणि गालाशेजारी १०० टक्क्यांवर बघत जुळवायचा. त्याने आकाशातले पट्टेही मोडतात. ८ बिटमध्ये फक्त २५६ पायऱ्या. चार हजार पिक्सेल उंचीत आकाश ४० पायऱ्यांनी बदलत असेल तर १०० पिक्सेल रुंदीचा एकेक पट्टा पडतो. म्हणून ब्लर १६ किंवा ३२ बिटमध्येच करावा आणि फोटो ८ बिटमध्ये नेण्याच्या आधीच रवा घालावा.

लेयर असलेली फाइल आणि डेप्थ मॅप जपून ठेवा. ब्लर कमी-जास्त करायचा झाला तर माणूस पुन्हा कापावा लागत नाही. आणि फोटो बाहेर देताना शार्पनिंग करायचं असेल तर ते फक्त माणसाच्या लेयरवर. पूर्ण फोटोवर केलं तर इतक्या काळजीने जुळवलेला मागचा रवा डोळ्यांना टोचायला लागतो.